वऱ्हाडांतील सोयाबीन : खत, पाणी आणि हिशेब

वऱ्हाडचें नांव निघालें कीं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें कापूस उभा राहतो. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं तें सोनें कापसाचेंच होतें. परंतु आज ऑगस्ट महिन्यांत बडनेऱ्याहून मूर्तिजापूरमार्गें अकोल्याकडे आगगाडीनें जाणाऱ्या प्रवाशानें खिडकीबाहेर नजर टाकली, तर कपाशी आणि तूर यांच्या शेजारीं गुडघ्याइतक्या उंचीचें, दाट व गर्द हिरवें असें आणखी एक पीक दूरवर पसरलेलें त्याला दिसेल. तें सोयाबीन होय. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबांचा दिवाळीचा खर्च, सावकाराचें किंवा बँकेचें देणें आणि मुलांच्या शिक्षणाची सोय आज या पिकावर अवलंबून आहे. त्याला खत किती द्यावें, पाणी केव्हां द्यावें आणि या दोहोंवर केलेला खर्च पदरांत परत पडतो कीं नाहीं, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

हें पीक वऱ्हाडचें मूळचें नव्हे. त्याचें माहेर चीन देश. मराठी सुशिक्षित वर्गांत त्याची चर्चा झाली ती प्रथम शेतीपेक्षां आहाराच्या निमित्तानें. सयाजीराव महाराजांच्या बडोदें संस्थानांत या धान्याचा प्रसार करण्याची खटपट झाली, आणि १९३५ सालीं वर्ध्याच्या मगनवाडींत महात्मा गांधींनीं सोयाबीनचे आहारविषयक प्रयोग केले व ‘हरिजन’ पत्रांतून त्यासंबंधीं लिहिलें. परंतु तेवढ्यानें तें शेतकऱ्याच्या पाभरींत शिरलें नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत जबलपूर व पंतनगर येथील कृषि विद्यापीठांनीं अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्यानें त्याच्या लागवडीचे प्रयोग केले. त्यांतून तें माळव्यांत पसरलें आणि पुढें सातपुडा ओलांडून वऱ्हाडांत उतरलें. जबलपूरच्या विद्यापीठाचा १९९४ सालचा ‘जे. एस. ३३५’ हा वाण तर इतका लोकप्रिय झाला कीं पुष्कळ गांवीं सोयाबीन म्हणजे हाच वाण असें समीकरण बनलें. ज्वारी, मूग व उडीद यांची पुष्कळशी जागा त्यानें घेतली. शंभर दिवसांत पीक हातीं येतें, दिवाळीपूर्वीं रोख पैसा मिळतो आणि ओल असेल तर मागून हरभराहि घेतां येतो, हीं त्याच्या प्रसाराचीं कारणें उघड आहेत.

मात्र उत्पन्नाकडे पाहिलें म्हणजे चिंता वाटते. जगाची सोयाबीनची सरासरी हेक्टरीं पंचवीस क्विंटलांच्या वर आहे. अमेरिका व ब्राझील हे देश तीस क्विंटलांच्याहि पुढें गेले आहेत. भारताची सरासरी मात्र दहा क्विंटलांच्या आसपास घोटाळत आहे. ही तूट कशाची ? बियाण्याची, खताची, पाण्याची कीं मशागतीची ? कृषि-सेवा केंद्राच्या दुकानांत या प्रश्नाचें सर्वांत सोपें उत्तर मिळतें, तें म्हणजे युरियाचें आणखी एक पोतें. हें उत्तर कितपत खरें आहे तें पाहण्यासाठीं या पिकाच्या नत्राचा जमाखर्च प्रथम मांडला पाहिजे.

सोयाबीनच्या दाण्यांत शेंकडा सुमारें ४० भाग प्रथिनें असतात आणि प्रथिनांत शेंकडा सुमारें १६ भाग नत्र असतें. म्हणजे एक क्विंटल दाण्यांत सुमारें साडेसहा किलो नत्र सांठविलेलें असतें. पानें, खोड व मुळें यांचाहि हिशेब धरला तर प्रत्येक क्विंटल उत्पन्नामागें पिकाला सुमारें आठ किलो नत्र मिळवावें लागतें. हेक्टरीं वीस क्विंटल पीक यावयाचें तर १६० किलो नत्र लागणार. आणि कृषि विद्यापीठांची शिफारस पाहावी तर ती पेरणीच्या वेळीं हेक्टरीं २० ते ३० किलो नत्राचीच ! गव्हासारख्या पिकाला यापेक्षां कितीतरी अधिक नत्र द्यावें लागतें, आणि त्याहून नत्राचें अधिक भुकेलें असें हें पीक मात्र चिमूटभरावर भागवितें, हें कोडें कसें सुटावें ?

तें कोडें झाडाच्या मुळाशीं सुटतें. डाळवर्गीय वनस्पतींच्या मुळांवरील गांठी हवेंतील नत्र बांधून देतात, ही गोष्ट हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनीं १८८० नंतरच्या दशकांत सिद्ध केली, आणि १८८८ सालीं हॉलंडच्या बायजेरिंक यानें त्या गांठींतील जिवाणु वेगळा काढून दाखविला. हवेंतील जें नत्र पकडण्यासाठीं मनुष्याला प्रचंड कारखाने, दाब आणि उष्णता लागते, तें काम हा सूक्ष्म जीव मातींत, झाडानें पुरविलेल्या साखरेच्या मोबदल्यांत करतो. जगांतील अनेक प्रयोगांचा २००८ सालीं जो एकत्रित आढावा घेण्यांत आला, त्यावरून सोयाबीनच्या गरजेपैकीं सरासरी ५० ते ६० टक्के नत्र या मार्गानें येतें असें दिसतें. उरलेलें जमिनींतील सेंद्रिय द्रव्यांतून आणि थोडेंसें खतांतून मिळतें. पेरणीच्या वेळचे वीस-तीस किलो हें त्या पिकाचें जेवण नव्हे, तर गांठी कामाला लागेपर्यंतच्या तीन-चार आठवड्यांची ती केवळ न्याहारी आहे.

सोयाबीन परदेशांतून आलेलें असल्यामुळें त्याचा विशिष्ट जिवाणु प्रत्येक जमिनींत पुरेसा असतोच असें नाहीं. म्हणून पेरणीपूर्वीं बियाण्याला जिवाणु-संवर्धन चोळून तें सावलींत सुकवावें, असें सांगण्यांत येतें. या संवर्धनाचें पाकीट अल्प किंमतींत मिळतें. तरी युरियाच्या पोत्याइतका मान त्याला अद्याप मिळालेला नाहीं. त्यानें आपलें काम केलें कीं नाहीं हें ओळखण्यास प्रयोगशाळेची गरज नाहीं. पेरणीनंतर महिन्या-सव्वामहिन्यानें चार-दोन रोपें मातीच्या ढेकळासह उपटावीं, मुळें पाण्यांत अलगद धुवावीं आणि गांठ नखानें चिरावी. आंत गुलाबी रंग दिसला तर कारखाना चालू आहे. पांढरा वा हिरवट दिसला तर बंद आहे. तो गुलाबी रंग रक्तांतील तांबड्या द्रव्याशीं नातें सांगणाऱ्या एका द्रव्याचा असतो.

अशा चालत्या कारखान्यावर युरिया ओतला म्हणजे काय होतें ? झाडाला आयतें नत्र मिळूं लागतें आणि तें जिवाणूंना साखर देण्यांत हात आंखडतें. गांठी कमी धरतात, असलेल्या मंदावतात. पानें रुंद व काळसर हिरवीं होतात, पीक अंगानें वाढतें. वऱ्हाडांतील शेतकरी अशा पिकाला ‘माजलें’ म्हणतो. माजलेल्या पिकांत वारा व ऊन खेळत नाहीं, किडीला आसरा मिळतो आणि शेंगा मात्र त्या मानानें लागत नाहींत. दुसरी एक चूकहि नेहमीं होते. कोंवळीं पानें पिवळीं पडलीं कीं नत्र कमी पडलें असा तर्क केला जातो. परंतु चुनखडीच्या काळ्या जमिनींत पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला असेल, तर तो बहुधा लोहाच्या उणिवेचा परिणाम असतो. हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांचा ‘पिवळा मोझॅक’ हा तर पांढऱ्या माशीनें पसरविलेला विषाणूचा रोग. या दोहोंवरहि युरिया हें औषध नव्हे.

येवढें सांगूनहि शेतकरी विचारील कीं, शास्त्राची गोष्ट राहूं द्या; पोत्याचे पैसे निघतात कीं नाहीं तें सांगा. हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर केवळ शेतांतील प्रयोगानेंच देतां येतें. असे प्रयोग करण्याची मोठी जागा वऱ्हाडांतच आहे. अमरावती जिल्ह्यांतील पापळ या गांवीं जन्मलेले आणि १९५२ ते १९६२ या काळांत केंद्रीय कृषिमंत्री असलेले डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नांवानें १९६९ सालीं अकोल्यास कृषि विद्यापीठ स्थापन झालें. त्याच विद्यापीठाच्या अमरावती येथील संशोधन केंद्रानें ‘सुवर्ण सोया’, ‘पीडीकेव्ही यलो गोल्ड’ व ‘पीडीकेव्ही अंबा’ हे सोयाबीनचे वाण दिले आहेत.

पाणी आणि नत्र या दोहोंचा प्रयोग कसा मांडतात, हें शहरी श्रोत्यांनाहि मनोरंजक वाटेल. एका शेतांत खत घातलें व शेजारच्यांत घातलें नाहीं, आणि मग दोन ढिगांची तुलना केली, एवढ्यानें कांहींच सिद्ध होत नाहीं. कारण एका शेताची माती दुसऱ्यासारखी नसते, इतकेंच नव्हे तर एकाच शेताचें एक टोंक दुसऱ्यासारखें नसतें. म्हणून शेताचे समान पट्टे पाडतात. प्रत्येक पट्ट्यांत मोठे वाफे असतात : एक केवळ पावसावरचा, एक फुलोऱ्यांत पाणी दिलेला, एक शेंगा भरतांना पाणी दिलेला. पाणी मातींतून पाझरत असल्यामुळें त्यासाठीं वाफे मोठे ठेवणें व मध्यें मोकळी जागा सोडणें भाग असतें. मग प्रत्येक मोठ्या वाफ्याचे लहान भाग करून त्यांत नत्राच्या निरनिराळ्या मात्रा घालतात. कोणता भाग कोणत्या मात्रेला, हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दैवावर सोंपवितात, म्हणजे संशोधकाची आवड-नावड त्यांत शिरत नाहीं. सर्व मांडणी तीन-चार पट्ट्यांत पुनःपुन्हां करतात आणि प्रयोग किमान दोन-तीन वर्षें चालवितात, कारण एका वर्षाचा पाऊस दुसऱ्या वर्षाची साक्ष देत नाहीं. ही पद्धति इंग्लंडांत फिशर यानें घालून दिली. भारतांतील कृषि-संशोधकांच्या हातीं ती सुबोध रूपांत देण्याचें श्रेय पानसे व सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांच्या १९५४ सालच्या ग्रंथाकडे जातें.

आतां पैशांचा हिशेब. निंबोळी तेलाचें आवरण असलेल्या युरियाच्या ४५ किलोंच्या पोत्याची ठरलेली किंमत २६६ रुपये ५० पैसे आहे. त्यांत शेंकडा ४६ प्रमाणें जवळजवळ २१ किलो नत्र असतें. म्हणजे नत्राचा किलो सुमारें १३ रुपयांस पडला. सोयाबीनचा २०२५-२६ सालचा हमीभाव क्विंटलास ५३२८ रुपये, म्हणजे किलोस सुमारें ५३ रुपये आहे. यावरून एक किलो नत्रानें केवळ पाव किलो सोयाबीन वाढलें तरी पैसे वसूल झाले ! एकरीं एक पोतें टाकलें तर पांच किलो धान्यांत त्याची भरपाई होते. हा आंकडा पाहून कोणालाहि मोह पडेल, आणि खरी गोम येथेंच आहे. एकरीं सात क्विंटल पिकांत पांच किलो म्हणजे शेंकडा एक भागहि नव्हे. येवढा फरक कोणत्याहि शेतकऱ्याच्या नजरेस दिसत नाहीं आणि कितीहि काळजीनें मांडलेल्या प्रयोगांतहि निश्चित पकडतां येत नाहीं. मातीच्या कमी-अधिकपणानें होणारा फरकच त्यापेक्षां मोठा असतो. त्यामुळें पोतें कामास आलें असें सिद्ध करतां येत नाहीं आणि फुकट गेलें असेंहि डोळ्यांस दिसत नाहीं. संशयाचा फायदा दरवर्षीं पोत्याला मिळतो.

मोठ्या प्रमाणावर पाहिलें तर चित्र अधिक स्पष्ट होतें. अमेरिकेतील अनेक राज्यांतील प्रयोगांचे निष्कर्ष २०१८ सालीं एकत्र करून पाहण्यांत आले, तेव्हां सोयाबीनच्या उत्पन्नावर वरखताच्या नत्राचा परिणाम अगदीं अल्प आढळला. २००८ सालच्या आढाव्याचाहि निष्कर्ष असा कीं, जेथें उत्पन्न हेक्टरीं ४५ क्विंटलांच्या पुढें जातें तेथेंच गांठींचें नत्र अपुरें पडून जादा नत्राला प्रतिसाद मिळण्याचा संभव अधिक. वऱ्हाडांतील कोरडवाहू शेत त्या मर्यादेपासून फार दूर आहे. जेथें गांठी धरल्याच नाहींत तेथें मात्र वरून नत्र देणें क्रमप्राप्त आहे; पण तो अपवाद मुळें उपटून पाहूनच ठरविला पाहिजे.

मग पीक अडतें कोठें ? बहुतेक वर्षीं तें पाण्यापाशीं अडतें. अकोल्यास वर्षाला सुमारें साडेसातशें ते आठशें मिलिमीटर पाऊस पडतो, अमरावतीस थोडा अधिक. शंभर दिवसांच्या पिकास ही बेरीज पुरेशी आहे. पण पीक बेरजेवर जगत नाहीं, आठवड्यावर जगतें. जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या आरंभीं पेरलेलें सोयाबीन ऑगस्टमध्यें फुलावर येतें आणि ऑगस्टअखेरीपासून सप्टेंबरमध्यापर्यंत त्याच्या शेंगा भरतात. नेमकी याच वेळीं पावसानें उघडीप दिली कीं दाणा बारीक राहतो. २०२३ सालचा ऑगस्ट हा देशांत १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, ही गोष्ट पुष्कळांच्या स्मरणांत असेल.

येथें खत आणि पाणी यांचा एक गूढ संबंध उघड होतो. जमीन कोरडी पडूं लागली कीं गांठींचें काम फार लवकर मंदावतें. म्हणजे शेंगा भरण्याच्या वेळीं पाण्याची ओढ बसली, तर झाडाची तहान आणि नत्राची भूक हीं दोन्ही संकटें एकदमच ओढवतात. उलट, त्या वेळीं दिलेली एक पाण्याची पाळी झाडाला पाणीहि देते आणि बंद पडूं पाहणारा नत्राचा कारखानाहि चालू ठेवते. कोरड्या जमिनीवर टाकलेला युरिया यांपैकीं कांहींच करूं शकत नाहीं. त्याला विरघळण्यालासुद्धां आधीं ओल हवी. पाणी सांचून राहणेंहि तितकेंच वाईट, कारण गांठींना हवा लागते. भारी काळ्या जमिनीसाठीं हैदराबादेजवळील पाटणचेरूच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनें पुरस्कारिलेली रुंद वरंबा-सरीची पद्धति दोन्ही बाजूंनीं उपयोगी पडते : जास्त पाऊस सरींतून निघून जातो आणि कमी पावसांत सरी ओल धरून ठेवतात.

पण पाणी आणावयाचें कोठून ? मोर्शीजवळील ऊर्ध्व वर्धा, अकोला जिल्ह्यांतील काटेपूर्णा आणि सातपुड्याच्या पायथ्याचा वान हे प्रकल्प कांहीं भागांस पाणी पुरवितात. परंतु बहुतेक सोयाबीन त्यांच्या कालव्यांबाहेरच आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत तर विहिरीचें पाणी असूनहि नसल्यासारखें. त्या खाऱ्या पाण्यानें माती चिबड व कठीण होते. एका हंगामाच्या लोभानें जमीन कायमची बिघडते. अशा ठिकाणीं पावसाचेंच पाणी शेततळ्यांत सांठविणें हा मार्ग उरतो, आणि तेथील चिकण माती पाणी धरून ठेवण्यास अनुकूलहि आहे. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल अशा, उतरत्या कडांच्या तळ्यांत सुमारें बावीसशें घनमीटर पाणी मावतें. एका एकराला पांच सेंटिमीटरची पाळी द्यावयाची तर सुमारें दोनशें घनमीटर, म्हणजे दोन लक्ष लिटर पाणी लागतें. बाष्पीभवन व पाझर यांत निम्में गेलें असें धरलें, तरी पांच एकरांस एक पाळी सहज मिळते.

समजा, पंप, तेल, तुषार-संचाचें भाडें व मजुरी मिळून एका पाळीस एकरीं २५०० रुपये लागले. हमीभावानें ही रक्कम ४७ किलो सोयाबीनमध्यें वसूल होते. युरियाच्या पांच किलोंपेक्षां हा आंकडा पुष्कळ मोठा आहे खरा. परंतु शेंगा भरतांना पंधरा दिवस पाऊस गेला तर होणारें नुकसान त्याहूनहि मोठें असतें, आणि डोळ्यांस दिसणारें असतें. शिवाय दोन खर्चांत वेळेचा भेद आहे, आणि गरीब शेतकऱ्याच्या दृष्टीनें तोच सर्वांत महत्त्वाचा. खताचा पैसा तो पेरणीच्या आसपास, बहुधा कर्जाऊ, पुढें पाऊस कसा पडेल हें ठाऊक नसतां खर्च करतो. पाण्याचा पैसा तो उभें पीक पाहून खर्च करतो. पाऊस वेळेवर आला तर त्याला तो खर्च करावाच लागत नाहीं. पीक आधींच रोगानें गेलें असेल तरीहि तो हात राखूं शकतो. पहिला खर्च पैज आहे, दुसरा निर्णय आहे. तळें खोदण्याचा मूळ खर्च मात्र लहान शेतकऱ्याला एकट्यानें झेपणारा नाहीं. तेथें सरकारी साहाय्य हवेंच.

बाजारभावाचीहि आठवण ठेवली पाहिजे. २०२४ सालच्या हंगामांत हमीभाव ४८९२ रुपये असतांना वऱ्हाडच्या बाजारांत शेतकऱ्यांना त्याहून कमी भावानें माल विकावा लागला. ४२०० रुपयांचा भाव धरला तर पाण्याच्या त्याच पाळीला वसुलीसाठीं साठ किलो धान्य लागेल. सोयाबीनचा भाव तेलापेक्षां ढेपेवर अधिक ठरतो आणि ढेपेचा भाव परदेशच्या बाजारांत ठरतो. म्हणून जास्तींत जास्त उत्पन्न हें शेतकऱ्याचें ध्येय असूं शकत नाहीं. खर्च वजा जातां हातीं उरणारी रक्कम आणि वाईट वर्षीं बुडणाऱ्या रकमेची मर्यादा, हींच त्याचीं खरीं मापें होत.

शहरांतील कुटुंबांचाहि या हिशेबाशीं संबंध आहे. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकीं निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येतें. युरियाचें पोतें २६६ रुपयांस मिळतें, कारण त्याच्या खऱ्या किंमतीचा फार मोठा भाग सरकारी तिजोरींतून, म्हणजे करदात्यांच्या पैशांतून भरला जातो. ज्या पिकाला स्वतःचें नत्र स्वतः तयार करतां येतें, त्याच्यावर हें खत उधळणें हा सार्वजनिक पैशाचाहि अपव्यय आहे. तोच पैसा चांगल्या जिवाणु-संवर्धनाकडे, शेततळ्यांकडे आणि गांवोगांवच्या पडताळणी-प्रयोगांकडे वळला, तर शेतकऱ्याच्या पदरीं अधिक पडेल. वऱ्हाडच्या काळ्या मातींत नत्राचा कारखाना निसर्गानें फुकट उभारून दिलेला आहे. तो बंद पडूं न देणें आणि ऐन भराच्या पंधरवड्यांत त्याला पाणी मिळेल अशी तजवीज जूनपूर्वींच करून ठेवणें, हें या पिकाच्या अर्थशास्त्राचें सार आहे.